दांडीकडे बघणारी टिटवी

गमरे बाई माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघत. आधी डावा खिसा, मग दोन्ही दंड, मग खांदे, आणि एवढ्या पाहणीतून माणूस पास झालाच तर तोंड. मी पास झालो नाही.

तुर्भ्याच्या आमच्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून रुजू झालो त्या दिवशी मी नवा कोरा शर्ट घातला होता. सत्तरचं दशक संपत आलं होतं. खांद्यावर पट्ट्या आणि खिशावर सोनेरी दोऱ्याचा नांगर असले शर्ट तेव्हा फॅशनमध्ये होते, आणि त्यात आपण जहाजाचे कप्तान दिसतो असा माझा प्रामाणिक समज होता. शिक्षकांच्या खोलीत शिरलो तर खिडकीपाशी खाकी साडी नेसलेल्या एक उंच, काटकुळ्या बाई डबा खात बसलेल्या. त्यांनी हातातला घास डब्यात परत ठेवला आणि माझ्या खिशाकडे पाहिलं.

"कुठल्या जहाजावर होता?"

"जहाजावर नाही. कऱ्हाडला होतो."

"मग हा नांगर कुठून आला?"

"शर्टाबरोबरच आला."

"म्हणजे कमावलेला नाही." त्यांनी पर्समधून कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड काढून टेबलावर ठेवलं. "काढा ते."

मला वाटलं, नव्या माणसाची थट्टा चालली आहे, म्हणून मी हसलो. बाई हसल्या नाहीत. बाकीचे शिक्षक वह्यांमध्ये इतके खोल बुडाले की त्यांचे नुसते भांग दिसत होते. शेवटी मी, सव्वीस वर्षांचा घोडा, चित्रकलेचा डिप्लोमा घेतलेला, कोपऱ्यात उभा राहून स्वतःच्या छातीवरचा नांगर उसवू लागलो. दोरे निघाले, पण कापडावर नांगराच्या आकाराचा गडद डाग राहिला. त्या शर्टाला पुढे सगळे 'बुडालेलं जहाज' म्हणत.

बाई भूगोल शिकवत आणि शाळेची कॅडेट तुकडी चालवत. भूगोल पोटासाठी होता, तुकडी जिवासाठी. दिघ्याच्या वस्तीतली, तुर्भ्याच्या झोपड्यांतली, पावण्याच्या गावठाणातली चाळीसेक पोरंपोरी बाईंनी गोळा केली होती. खाकीला भाताच्या पेजेची खळ, पट्ट्याच्या बकलाला चिंच आणि राख. मैदान म्हणजे भराव घालून बुजवलेलं मिठागर. पोरं तिथे कवायत करायची तेव्हा एका अंगाला खाडीचा वास आणि दुसऱ्या अंगाला कारखान्यांचा. रस्त्यावरून ट्रक जात, पण बाईंचा हुकूम ट्रकच्याही वर चढायचा. 'सावधान'मधला 'धा' त्या असा ओढत आणि 'न' असा तोडत की मुख्य रस्त्यावरचे क्लीनरसुद्धा क्षणभर ताठ होत.

नांगराचा सूड मला घ्यायचाच होता. तो आवाज, ते लांब पाय, डोक्याला चिकटलेली काळी टोपी आणि गळ्याशी शिट्टीची लाल दोरी. मी एकदा डबा खाता खाता म्हणालो, "ही तर टिटवी आहे." एवढंच. आठवड्यात ते नाव पाचवीच्या वर्गापर्यंत पोचलं आणि पुढच्या आठवड्यात बाईंपर्यंत. त्या माझ्या टेबलाशी आल्या. मी खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकलो.

"चित्रकार, टिटवी कधी जवळून पाहिली आहे?"

"नाही."

"मैदानाच्या टोकाला असतात. पाहून या. नाव ठेवायला काही लागत नाही, बघायला डोळे लागतात."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'चित्रकार'. शाळेतले सगळे एकमेकांना सर म्हणत. मला त्यांनी कधी म्हटलं नाही. त्यांच्या तोंडी तो शब्द 'पाकीटमार'सारखा लागायचा.

समेट करायचा एक प्रयत्न मी केला, नाही असं नाही. एका सकाळी त्या गणवेशात फाटकातून येत होत्या तेव्हा मी टाच आपटून कडक सलाम ठोकला. बाई थांबल्या. "डोक्यावर टोपी नसताना सलाम करत नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि टोपी असती तरी तुमच्याकडून घेतला नसता." मागे दहावीचा अख्खा वर्ग उभा होता. त्यांचा त्या दिवशी भूगोलाचा पहिला तास अतिशय आनंदात गेला.

पण मी एकटाच त्यांच्या ब्लेडखाली आलो असतो तर गोष्ट वेगळी. हसुराम शेठही आले. हसुराम शेठ पावण्याचे, घरचे ट्रक, शाळा समितीत त्यांचा शब्द हेडसरांच्या शब्दाच्या वर. त्यांचा मुलगा रवी तुकडीत होता. शेठच्या पुतण्याचं लग्न निघालं आणि शाळेतल्या सगळ्यांना जेवणाचं बोलावणं आलं. आम्ही मांडवात गेलो तर रवी खाकी गणवेशात पाहुण्यांना सरबत देतोय आणि दंडावर तीन फिती. तुकडीत त्याला तोवर एकही मिळाली नव्हती.

बाईंनी पर्स उघडली. मी ती पर्स ओळखत होतो.

"रवी, सावधान."

पोरगं सरबताच्या ट्रेसकट सावधान झालं. बाई त्याच्या दंडाशी वाकून फिती उसवू लागल्या. शेठ धावत आले.

"बाय, आज तरी सोरा. घरान लगीन हाय, पावने बसल्यान."

"शेठ, फीत म्हणजे हळदीचा टिळा नाही, लग्न आहे म्हणून लावला. तीन फितीवाल्याच्या शब्दावर पोरं विहिरीत उतरतात. याच्या शब्दावर उतरतील?"

"कोन उतरतंय हिरीन? सरबत देते पोर."

"मग सरबताला फिती लागत नाहीत."

मांडवातला बँड थांबला होता. बँडवाल्यांच्याही खांद्यांवर सोनेरी झालरी होत्या. त्यातला क्लॅरिनेटवाला हळूच खुर्चीमागे सरकला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. बाईंनी तिन्ही फिती घडी करून शेठच्या हातात दिल्या, "मिळाल्या की लावा," म्हणाल्या, आणि पंगतीत बसून दोन वेळा भात मागून जेवल्या. शेठ त्यांच्या पानासमोर उभे राहून म्हणाले, "बाय, जेवा पोटभर. पन ही पलटन मी बंद करीन." बाई म्हणाल्या, "आमटी वाढा."

शेठ बोलले ते खरं करायची संधी चालून आली. वरिष्ठ कॅडेट अधिकारी तुकड्यांची पाहणी करायला येणार होते. टोपीवरचा बिल्ला सगळ्या शाळांना सारखा, वरून यायचा. पण दंडावरची खूण आणि तुकडीचं निशाण ज्या त्या शाळेनं ठरवायचं, आणि ते पाहणीच्या वेळी हजर पाहिजे. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. हेडसरांनी काम माझ्यावर टाकलं.

मी पहिलं चित्र खरंच मनापासून काढलं होतं. ढालीच्या आकारात पुस्तक, पुस्तकावर दिवा, मागे उगवता सूर्य, सूर्यासमोर कारखान्याची चिमणी, खाली मासा, माशाच्या दोन्ही बाजूंना भाताच्या लोंब्या, आणि हेडसरांना सिंह आवडायचे म्हणून वर एक सिंह. सिंहाला जागा कमी पडल्यामुळे तो जरा मांजरावर गेला होता. बाईंनी कागद लांब धरून पाहिला.

"ही खूण आहे का किराणा मालाचं दुकान?"

"प्रत्येक गोष्टीला अर्थ आहे," मी म्हणालो. "दिवा म्हणजे ज्ञान..."

"अर्थ आधी असतो चित्रकार, चित्र मागनं येतं. तुम्ही चित्रं काढलीत आणि आता त्यांना अर्थ चिकटवताय. आणि सिंह कशाला? प्रत्येक शाळेचा सिंह. एवढे सिंह या खाडीला असते तर बगळे उरले असते का?"

मग बगळा काढू का, असं मी विचारलं. कुत्सितपणेच विचारलं.

"बगळा ध्यान लावतो आणि मासा गिळतो. तो तुमच्या पाठीवर छापा."

त्या दुपारी मी पेटलो. नववीला स्थिरचित्र काढायला बसवलं आणि स्वतः फळ्यामागे बसून टिटवी काढली. काळी टोपी तिरकी घातलेली, डोळ्याशी लाल मांसल गाठ, पाय काठीसारखे, चोच उघडी. खाली ऐटीत लिहिलं, 'तुकडीचे नियोजित चिन्ह'. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतल्या फलकावर टाचणी मारून लावली. हसण्याचा असा स्फोट त्या खोलीत पूर्वी झाला नव्हता. गणिताचे सर तर खोकत बाहेर गेले. आणि दारात गमरे बाई.

बाई फलकापाशी गेल्या. चित्राकडे एवढा वेळ पाहत राहिल्या की मला माझ्या नोकरीतले पुढचे सगळे तास डोळ्यांसमोर दिसले.

"पाहून आलात तर," त्या म्हणाल्या. "पण पाय चुकले. टिटवीचं मागचं बोट नावापुरतं असतं. फांदी पकडता येत नाही तिला. म्हणून ती झाडावर बसत नाही, जमिनीवर उभी राहते. घर बांधत नाही. उघड्यावर खड्यांत अंडी घालते आणि जवळ गाय येवो की ट्रक येवो, अंगावर जाते. रात्री सगळे झोपले की ती जागी." त्यांनी टाचणी काढून चित्र माझ्या हातात दिलं. "टोपी काढा. पाय नीट करा. बाकी ठेवा. हीच खूण."

"बाई, ही मी... गंमत म्हणून..."

"माहिताय. चाळीस पोरं ही दंडावर लावतील आणि तिच्यासमोर पहिला सलाम हेडसर करतील. तुम्ही टोपी घालून या."

शत्रूनं मारलेला दगड झेलून त्याची पायरी करायची, ही बाईंची रीत. ती पायरी घडवायचं काम मात्र माझ्यावर आलं, फुकटात.

नमुना दाखवायला मी त्यांच्या खोलीवर गेलो. तुर्भ्याला नाल्याजवळच्या चाळीत त्या आईबरोबर राहत. "आलाच आहात तर चहा घ्या," असं स्वागत झालं. भिंतीवर दोन तसबिरी आणि त्यांच्या खाली फळीवर एक जुना पितळी बिल्ला, घासून घासून त्यावरची अक्षरं गुळगुळीत झालेला. मी तो उचलायला हात पुढे केला.

"हात लावू नका."

त्यांची आई म्हणाली, "अगं, बगू दे की त्यांना. चित्र काडतात ना ते?"

"काढतात. कमावत नाहीत." मग चहाचा कप माझ्यापुढे आपटत त्यांनी आपणहून सांगितलं, भांडण केल्यासारखं. "माझ्या आज्याचा आहे. मंडणगडकडची आमची सगळी घरं पलटणीतली. एक दिवस इंग्रजांनी पलटणच मोडली, तुमच्या लोकांची भरती नको म्हणाले. बिल्ले परत मागितले. आज्यानं दिला नाही. म्हणाला, पलटण मोडायचा हुकूम तुमचा, बिल्ला कमावलाय मी." मी काहीतरी बरं बोलायला तोंड उघडलं. "चहा प्या," बाई म्हणाल्या. "गार होतोय." तो त्यांच्या घरातला माझा पहिला आणि शेवटचा चहा. साखर नव्हती.

शाळा समितीच्या बैठकीत हसुराम शेठनं टेबलावर हात आपटला. "आमचे पोरांचे दंडाव टिटवी? घराव टिटवी वरडली तं आमी चुलीन मीठ टाकतो. मानूस जातं घरातलं. दुसरं पाखरू नाय गावलं?"

बाई उभ्या राहिल्या. "शेठ, टिटवी ओरडते ती कोणीतरी चोरपावलांनी येतंय म्हणून. माणूस जात असेल तर तो येणाऱ्यामुळे. ओरडणारीचा काय गुन्हा?"

"गुन्हा नाय. अपशकुन हाय."

"तुमच्या मांडवातून मी गेल्यावर पण तुम्ही हेच म्हणालात. कानावर आलंय."

शेठ थोडे वरमले, पण क्षणभरच. मग त्यांनी अट घातली. पाहणीच्या साहेबांनी या खुणेला एक जरी नाव ठेवलं, तर तुकडी त्याच दिवशी बंद. मैदान समितीला परत, तिथे शेठच्या पुढाकारानं सभागृह. हेडसर 'विचार करू' म्हणायला लागले. बाईंनी त्यांना पुरं बोलूही दिलं नाही. "मान्य," त्या म्हणाल्या. चाळीस पोरांचा गणवेश त्यांनी त्या एका शब्दावर लावला, आणि तो शब्द माझ्या चित्रावर उभा होता. हे लक्षात आल्यावर मला पहिल्यांदा घाम फुटला.

मी कामाला लागलो. पुठ्ठ्याचा छापा कापला. बाईंनी एकच सूचना दिली होती. "निशाणावर टिटवीचं तोंड नेहमी दांडीकडे. आणि दंडावर नेहमी पुढे. विसराल."

"विसरणार नाही," मी म्हणालो, आणि विसरलोही नाही. मी उजव्या हाताचा माणूस. सगळ्या उजव्या हातवाल्यांसारखी माझी पाखरं डावीकडे बघतात. निशाणाच्या कापडावर छापा ठेवला, दांडी डावीकडे, टिटवी दांडीकडे बघतेय. अगदी बरोबर. मग त्याच छाप्यानं निशाणाची दुसरी बाजू केली. त्याच छाप्यानं दंडावरच्या चाळीस खुणा केल्या. एक छापा, सगळ्या टिटव्या एकसारख्या, शिस्तबद्ध. मला माझ्या नेटकेपणाचं भारी कौतुक वाटलं.

मुलींनी शिवणाच्या तासाला भरतकाम केलं. खुणा बाईंनी कपाटात ठेवल्या. तालमीत कोणाला लावू दिल्या नाहीत. साहेबांनी पास केल्याशिवाय ती खूणच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. निशाणही कापडात गुंडाळून ठेवलं. पाहणीच्या सकाळी मात्र पोरांना उजव्या दंडावर खुणा टाचायला दिल्या, त्याही कच्च्या टाक्यांनी. "पास झालात की पक्के टाके घालायचे," त्या म्हणाल्या. "ओढलं तर निघेल एवढेच टाका."

पोरं टाचत होती तोवर साहेब वेळेआधीच आले, आणि बाईंना दंड तपासायला सवड मिळाली नाही. मांडवात साहेब, त्यांच्या एका हाताला हेडसर, दुसऱ्या हाताला हसुराम शेठ. मी मागे, डोक्यावर उसनी टोपी. बाई तुकडीच्या पुढे, त्यामुळे त्यांना मागचं काही दिसत नव्हतं. "दाहिने देख" झालं आणि तुकडी आपली उजवी बाजू दाखवत आमच्यासमोरून जाऊ लागली.

मला आधी वाटलं, आपल्या डोळ्यांत काही गेलं. पोरं पुढे चालली होती आणि चाळीसच्या चाळीस टिटव्या मागे तोंड करून. पोरं जोरात चालली की टिटव्या जास्तच जोरात पळून जाताना दिसत. वर निशाण फडकत होतं. त्याची आमच्याकडची बाजू माझ्या नेटक्या दुसऱ्या छाप्याची; त्यावरची टिटवी दांडीला पाठ दाखवून मिठागराकडे निघाली होती. पलीकडच्या बाजूला बसलेल्या पालकांना तेवढी बरोबर दिसत होती. ते टाळ्या वाजवत होते.

साहेबांनी सलामाचा हात खाली घेतला. "हेडमास्टरजी, ये चिडिया पीछे क्यूं देख रही है?"

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. शेठ खुर्चीत सावरून बसले. माझी जीभ हा माझा सगळ्यात चपळ अवयव आहे. डोकं पोचायच्या आत ती कामाला लागते. कऱ्हाडी हिंदीत मी म्हणालो, "साहब, वो टिटवी है. आगे जाती है, लेकिन जो पीछे छूट गया उसको देखती है. किसीको छोडती नही."

साहेबांचा चेहरा उजळला. "वाह. बहोत बढिया थॉट है. ऐसा निशान किसी और स्कूल का नही."

शेठचा चेहरा पडला. हेडसरांनी मान डोलावली, जणू कल्पना त्यांचीच. आणि मी? मी हवेत होतो. तुकडी वाचली होती, माझ्या एका वाक्यानं. आता बाई जन्मभर माझ्या उपकारात, रोज सकाळी फाटकात मला 'सर' म्हणणार. साहेबांनी त्यांना जवळ बोलावलं आणि निशाणाचा अर्थ फार आवडला, असं सांगितलं.

"कौनसा अर्थ, सर?"

साहेबांनी माझं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. बाईंनी वळून तुकडीकडे पाहिलं. एका दंडाकडे, दुसऱ्या, तिसऱ्या, मग निशाणाकडे. मग माझ्या खिशाकडे. तोंडाकडे नाही.

"झूठ है, सर," त्या म्हणाल्या.

हेडसर खुर्चीतून अर्धे उठले. "बाई, साहेबांना आवडलंय ते..."

"चिडिया उल्टी लगी है, सर. हमारी टिटवी पीठ नही दिखाती. ये निशान गलत है."

"गलती किसकी?"

"टुकडी का निशान है. टुकडी मेरी है."

हे ऐकून कोणाला वाटेल की त्यांनी मला वाचवलं. अजिबात नाही. मी तुकडीतला नव्हतो, म्हणून चुकीवर माझं नाव लावण्याइतकाही मान त्यांनी मला दिला नाही. त्या वळल्या, चार पावलं पुढे गेल्या, आणि तो 'धा' मैदानावर ओढला गेला. "तुकडी, सावधान. खूण, उतार."

चाळीस डावे हात उजव्या दंडांवर गेले. कच्चे टाके ते. एकच आवाज झाला, जुनं धोतर फाडल्यासारखा, आणि चाळीस दंड रिकामे. रवीचाही. निशाण खाली आलं, गुंडाळलं गेलं. पालकांच्या टाळ्या बंद पडल्या.

हसुराम शेठना तोपर्यंत कंठ फुटला होता. "साहेब, निशान चुकलाय ना? बाय स्वतः बोलली. मंग जालं. अट होती. पलटन बंद."

साहेबांना मराठी येत नव्हती. हेडसरांनी चाचरत सांगितलं. साहेबांनी गुंडाळलेल्या निशाणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "जिस टुकडी का अफसर अपना निशान खुद उतार सकता है, उसको बंद करने का हुक्म मैं तो नही दूंगा. आप देंगे, तो लिखके दीजिए, मैं ऊपर भेजता हूं." शेठनी साहेबांच्या सत्कारासाठी आणलेला नारळ या हातातून त्या हातात घेतला. लिहून द्यायचं म्हटल्यावर ते नेहमीच थोडे थकत. साहेब बाईंना म्हणाले, "अगले महिने आऊंगा. चिडिया सीधी चाहिए." जाता जाता थांबले. "वो थॉट किसका था?"

"हमारे चित्रकार का."

"उनको सिर्फ चित्र बनाने दीजिए."

पुढचा महिनाभर मी दोन छापे कापले, एक डावा, एक उजवा, आणि बाई माझ्या मागे उभ्या राहून प्रत्येक टिटवीचं तोंड तपासत. त्या काळात त्या माझ्याशी जे शब्द बोलल्या ते असे: "उलटा", "पुन्हा", "पाय", "पुन्हा". साहेब आले, टिटव्या पुढे बघत गेल्या, आणि त्या दुपारी वर्गात बसून चाळीस पोरांनी पक्के टाके घातले. रवीनं बोट टोचून घेतलं आणि रक्ताचा ठिपका टिटवीच्या पायाला लागला. बाई म्हणाल्या, राहू दे. पुढे त्याला पहिली फीत मिळाली तेव्हा शेठ शाळेत आले. पेढे सगळ्यांना दिले, बाईंना सोडून. "घराव टिटवी वरडली तं मी अजून मीठ टाकतो," ते मला म्हणाले. "पन पोराला नाय सांगत."

आमचं बाईंशी काही जुळलं नाही. माझी बाजूच उलटी. पुढे एका वर्षी कॅडेटांच्या मेळाव्यात मी निशाणाची दांडी आडवी करून तिच्यावर छत्री वाळत घातली. दुसऱ्या वर्षी टिटवीच्या चित्राची शाळेची दिनदर्शिका काढली आणि मे महिना दोनदा छापला. प्रत्येक वेळी पर्स उघडण्याचा आवाज माझ्या कानांत आधी वाजायचा.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं तेव्हा बाईंनी नोकरी सोडली. आईला गावची हवा मानवेल म्हणून मंडणगडला जाणार होत्या. निरोपाला शाल, नारळ, भाषणं झाली. हसुराम शेठही बोलले, "बाय लय भांडली," एवढंच, आणि बसले. सगळं उरकल्यावर बाई माझ्यापाशी आल्या. मी घाईत त्या दिवशीही जुना शर्ट घालून आलो होतो. नांगराचा डाग फिका झाला होता, गेला नव्हता. त्यांनी पर्स उघडली. मी सवयीनं खिशावर हात धरला.

"हात काढा, चित्रकार."

ब्लेड नव्हतं. सुई होती, दोरा ओवलेली. आणि एक टिटवी. त्यांनी ती नांगराच्या डागावर ठेवली आणि उभ्या उभ्या चार टाके घातले. मी मान वाकवून पाहिलं. पहिल्या पाहणीतली होती, उसवलेल्यांपैकी.

"ही उलटी आहे," मी म्हणालो.

"तुमचीच आहे." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "टाके कच्चे आहेत. पक्के करायचे का ते मी बघेन."

त्या परत आल्या नाहीत. दोन पावसाळ्यांनी त्या गावीच वारल्याचं रवीनं सांगितलं. तो शर्ट आता माझ्या अंगात मावत नाही. धोब्याकडे टाकायची सोय नाही, टाके निघतील. म्हणून वर्षातनं एकदा मी तो स्वतः हातानं खंगाळतो, तेवढा खिसा सांभाळून. बायको म्हणते, दोन टाके घालून टाकते. मी घालू देत नाही.